चोरी न केलेली नोलीन

केल्विन पास्कोला पोलिसांनी धरलं तेव्हा विराबूल गावानं त्याला एक सणसणीत शिवी हासडली, आणि दुसरी हासडायच्या आत गावाला त्याची दया यायला लागली. आमचं गाव असलंच आहे. ज्यानं फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, भोंगा वाजून गेल्यावर (आमच्या फुटबॉलात आधी मिळालेली लाथ भोंग्यानंतरही मारता येते), पन्नास मीटरवरून लाथ मारून कप जिंकून दिला, त्याला गाव जन्मभर माफ करत राहतं. त्या वेळी केल एकोणीस वर्षांचा होता. आता तो पोट सुटलेला, गुडघे गेलेला ट्रक-ड्रायव्हर होता. पण गावातल्या बोल्स क्लबच्या भिंतीवर त्याचा एक पाय हवेत असलेला फोटो अजून टांगलेला होता, आणि लोक बोलायचे ते त्या फोटोशी.

गुन्हा काही लहान नव्हता. आमच्याकडं मेंढ्यांवर घरं चालतात. इथं बायको पळवणाऱ्याशी लोक वर्षा-दोन वर्षांनी बोलायला लागतात, मेंढीचोराशी नाही. केल लोकांच्या मेंढ्या ट्रकमध्ये भरून बाजाराला न्यायचा. वाटेत दर खेपेला दोन-चार कमी व्हायच्या. कानातले बिल्ले कापून त्या तो एका लांबच्या व्यापाऱ्याला द्यायचा आणि आलेले पैसे बोल्स क्लबातल्या पोकी मशीनमध्ये, म्हणजे जुगाराच्या यंत्रात, घालायचा. एके दिवशी म्हाताऱ्या आयव्हर रोवेला परक्याच्या कुंपणात आपलीच एक मेंढी दिसली, बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. त्यानं तिला नावानं हाक मारली. ती धावत आली. झालं, तिथून सगळं उलगडलं.

नोलीन ही केलची थोरली बहीण. तिच्याबद्दल गावात सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि नेमकं तेच तिचं दुखणं होतं. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. तिचा नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला. मेला नाही, क्वीन्सलंडला गेला. तेव्हापासून ती आईच्या घरी राहून आईचं सगळं बघत होती: गोळ्या, नखं, बागेतला नळ, रविवारची प्रार्थना. दर शुक्रवारी क्लबात मटणाची सोडत असते, तिची तिकिटं विकायची आणि नंबर पुकारायचे हेही तिच्याकडं. बाकीच्या संध्याकाळी क्लबच्या दारातलं टेबल तिचंच, फुकट, सेवा म्हणून. ड्यूटी सुटल्यावर ती घटकाभर पोकीवर बसायची. पण गावात कोण बसत नाही?

केल जामिनावर सुटून आईच्या घरी आला तशी शेजारपाजारच्या बायका भांडी घेऊन यायला लागल्या. कुणी कोंबडीचा रस्सा, कुणी मॅकरोनी, कुणी ॲपल पाय. फ्रीजमध्ये जागा उरली नाही. नोलीनचा नवरा गेला तेव्हा या दारात एक वाटीसुद्धा आली नव्हती. तेव्हा सगळ्या म्हणाल्या होत्या, "नोलीन खंबीर आहे."

"आई, हे सगळं चोरी केल्याबद्दल बक्षीस का?" तिनं फ्रीजचं दार ढुंगणानं ढकलत विचारलं.

"असं बोलू नये गं," थेल्मा म्हणाली. थेल्मा म्हणजे यांची आई, ऐंशीच्या घरातली, दर आठवड्याला केस सेट करून घेणारी. "त्याला बरं नाहीये."

"बरं नाही? काल मटणाचे तीन चॉप खाल्ले त्यानं. त्यातला एक माझा होता."

"तू काय, बिस्किटावर भागवतेस. तुला कधी कशाचं काही लागत नाही."

नोलीनला हेवा वाटत होता, आणि तो तिला स्वतःलाही स्पष्ट दिसत होता. लहानपणापासून तिच्या पोटात ही एकच कळ होती. केल पडला की घर धावायचं. नोलीन पडली की ती आपली आपण उठायची, आणि उठली म्हणून कुणी शाबासकीही द्यायचं नाही. आता तर यानं चोरी केली होती, बाहेर पत्रकार आला होता, आणि आई त्याच्या उशीला दुसरा अभ्रा घालत होती.

केलच्या वकिलानं शहरातून एक मानसतज्ज्ञ बोलावली. तिचं नाव डॉ. इमेल्डा फ्रेन. सपाट बूट, कापलेले पांढरे केस, चहात साखर नाही. केलशी ती आधी दोनदा बोलून गेली होती. आता घरच्यांशी बोलायचं म्हणून ती एका मंगळवारी दुपारी थेल्माच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कोर्टाला सांगायचं होतं की याला जुगाराचा आजार आहे की नाही. केलला तिनं बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं. तिथून तो पेल्यातला बर्फ चघळत असल्याचा आवाज येत होता.

"थांबायचा प्रयत्न केला की केल्विन चिडचिड करतो का?" डॉक्टरनं विचारलं.

"माझा केल? छे! कधीच चिडत नाही," थेल्मा म्हणाली.

"नाताळात टर्कीची तंगडी भिंतीवर फेकली त्यानं, आई."

"ती कच्ची होती."

डॉक्टरच्या तोंडावर हसू आलं नाही. नोलीननं मनाशी ठरवून ठेवलेला प्रश्न तेवढ्यात पुढं केला. "डॉक्टर, मला एक सांगा. चोरी करणं हेही या आजाराचं लक्षण असतं का?"

"होतं," डॉ. फ्रेन म्हणाल्या. "आमच्या मोठ्या ग्रंथात लक्षणांची यादी असते, त्यात चोरी, लबाडी असले गुन्हे पूर्वी होते. गेल्या वर्षी ते काढून टाकलं."

नोलीनच्या अंगावरून वाऱ्याची झुळूक गेली. "काढून टाकलं! ऐकलंस आई? म्हणजे चोरी ती चोरीच. आजाराच्या पांघरुणाखाली नाही घालता येत."

"तसं नाही हो," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "चोरीपर्यंत जो पोचतो, त्याच्यात बाकीची लक्षणं आधीच ठासून भरलेली असतात. चोरीचं विचारून आम्हाला नवं काही कळत नाही. शिवाय कितीतरी आजारी माणसं जन्मात टाचणीसुद्धा उचलत नाहीत. म्हणून काढलं. चोरी केली म्हणून कुणी आजारी ठरत नाही, आणि केली नाही म्हणून बराही ठरत नाही."

नोलीनचं तोंड पडलं. डॉक्टर पुढचे प्रश्न विचारत गेल्या, आणि थेल्मा शाळेतली बक्षिसं सांगावीत तशी उत्तरं देत गेली.

"हरलेलं परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो?"

"जातो, जातो."

नोलीन टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या चादरीवरचं लिंबाचं चित्र बघत होती. क्लबात खिडकीजवळ बगळ्यांचं पोकी मशीन होतं, तीन बगळे एका ओळीत आले की पंख पसरायचे. काल दोनच आले होते. आज सकाळी चादरी इस्त्री करताना तिच्या मनात तिसऱ्या बगळ्याशिवाय काही नव्हतं.

"मन उदास असलं की जातो?"

"तेव्हा तर जातोच बिचारा."

नोलीन उदास नसताना कधी गेली होती ते तिला आठवेना.

"घरच्यांपासून लपवतो? खोटं बोलतो?"

थेल्मा सांगत होती की केल म्हणायचा टायर पंक्चर झाला, आणि ते पंक्चर दर आठवड्याला व्हायचं. नोलीनचं पंक्चर नसे, ओव्हरटाइम असे. धुलाईघर दोनला सुटतं. ती पाचला घरी यायची. गेली चार वर्षं तिला रोज ओव्हरटाइम होता आणि थेल्मानं एकदाही विचारलं नव्हतं की एवढ्या चादरी कोण मळवतं. तिचं शिलाई मशीन दुरुस्तीला टाकलंय असं तिनं घरी सांगितलं होतं. दोन वर्षं ते दुरुस्त होत होतं. खरं तर ते ती विकून आली होती.

"यांतली किती लागतात, आजार म्हणायला?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"चार असली की आम्ही आजार म्हणतो."

"सगळी आहेत, डॉक्टर!" थेल्मा अभिमानानं म्हणाली. "माझ्या पोराला सगळी आहेत."

नोलीननं टेबलाखाली बोटं मोजली होती. सहा झाली होती. ती उठून उगाच किटली भरायला गेली.

डॉक्टर निघाल्या तेव्हा ती त्यांच्यामागं गाडीपर्यंत गेली. व्हरांड्यात केलनं "बाय डॉक्टर" म्हणून हात हलवला, जसा तो सामन्यानंतर पोरांना हलवायचा.

"डॉक्टर, समजा एखाद्याला बाकीचं सगळं आहे, पण चोरी कधी केली नाही. मग?"

"मग तोही तितकाच आजारी. फक्त त्याला माझ्याकडं कोणी पाठवत नाही." डॉक्टरनं सीटचा पट्टा लावता लावता वर पाहिलं. "तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?"

"छे! सहज विचारलं."

गाडी गेली. खोटं बोलणं यादीत होतं हे नोलीनला गाडीची धूळ बसल्यावर आठवलं.

कोर्टात गाव लोटलं. आयव्हर रोवे स्वतः उभा राहून म्हणाला की पोरगा वाईट नाही, मशीन वाईट. न्यायाधीशानं केलला तुरुंगात घातलं नाही. उपचार घ्यायचे, गावाची कामं करायची, नुकसान भरून द्यायचं, एवढ्यावर सोडलं. थेल्मा त्याचा हात हातात घेऊन पायऱ्या उतरली. नोलीन मागून दोघांच्या छत्र्या घेऊन आली. पाऊस नव्हताच, पण आईनं आणायला लावल्या होत्या.

आमच्याकडं एक रीत आहे. ज्याला खेळणं सोडायचं असेल तो क्लबात जाऊन स्वतःच सांगतो की मला आत घेऊ नका. क्लब त्याचा फोटो काढून दारातल्या फाइलीत लावतो, आणि दारात बसणाऱ्यानं त्याला परत पाठवायचं असतं. केल गेला तेव्हा बारमधली माणसं उठून उभी राहिली. कुणी पाठीवर थाप मारली. "हिंमत लागते, गड्या," असं जो तो म्हणाला. व्यवस्थापक वॉरिकचे डोळे पाणावले. फोटो फाइलीत लावायचं काम दारात बसणाऱ्या बाईचं, म्हणून तो नोलीननं लावला. केलनं फोटोसाठी केस विंचरले होते.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. याच्याजवळ आता सगळं होतं. आजाराला नाव होतं, डॉक्टर होती, दर मंगळवारी आई शेजारी बसून शहरात जात होती, येताना दोघं आइस्क्रीम खाऊन येत होती. आणि हिच्याजवळ? ती फाइल मिटून उठली, खिडकीजवळ गेली, आणि बगळ्यांच्या मशीनमध्ये नुकताच हाती आलेला पंधरवड्याचा पगार घालून आली. तो तिचा स्वतःचा होता. कुणाची मेंढी नव्हती, कुणाचं काही नव्हतं. म्हणून कुणाला कळलं नाही.

रविवारी दुपारी केल आतल्या खोलीत घोरत होता. थेल्मा मटार सोलत होती. नोलीननं तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"आई, केलला जे आहे ना, ते मलापण आहे."

"काय आहे?"

"तेच. पोकीचं. मी रोज बसते. ओव्हरटाइम वगैरे काही नसतं, आई. शिलाई मशीन मी विकलं. मला थांबता येत नाही."

थेल्मानं मटाराची शेंग खाली ठेवली. क्षणभर नोलीनला वाटलं, आता हात पुढं येईल.

"नोलीन," थेल्मा म्हणाली, "केलला गोवर झाला होता तेव्हा तू काय केलं होतंस, आठवतं? माझी लिपस्टिक घेऊन तोंडभर ठिपके काढलेस आणि त्याच्या अंथरुणात जाऊन झोपलीस. डॉक्टरसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू आठ वर्षांची होतीस, म्हणून हसून सोडलं. आता तू पन्नाशीची आहेस. पोराच्या आजारपणातसुद्धा तुझी जळजळ थांबू नये?"

"आई, ही लिपस्टिक नाहीये."

"तू कधी कुणाचं काही घेतलंयस का? नाही ना? मग. तुला काही झालेलं नाही. तुला कधी काही होत नाही, देवाची दया. जा, पुदिना आण."

नोलीन पुदिना आणायला गेली. बागेत ती बराच वेळ नळापाशी उभी राहिली. खरी चीड तिला याची आली की आई गोवराबद्दल खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती वॉरिकच्या खोलीत गेली. वॉरिक जाडा, घामट, मनानं चांगला माणूस. टेबलावर सॉसेज रोल खात होता.

"माझा फोटो काढ," ती म्हणाली. "फाइलीत लाव."

"कशाला? सुंदर बायकांची फाइल वेगळी आहे."

"थट्टा नाही, वॉरिक. मला आत घेऊ नका."

वॉरिक हसायला लागला. रोलचे कण त्याच्या शर्टावर पडले. "अगं, पण तुला दारात अडवणार कोण? दारात तर तूच बसतेस!" मग तिचा चेहरा बघून तो जरा सावरला. "हे बघ नोल, भावाचं तू मनाला लावून घेतलंस. साहजिक आहे. चार दिवस सुट्टी घे. पण शुक्रवारी ये हं, सोडतीला तुझ्याशिवाय दुसरं कोणी धड पुकारत नाही."

शुक्रवारी क्लब गच्च भरला होता. सहा-साडेसहाचा सुमार, बाहेर अजून ऊन होतं. मोठ्या टेबलावर मटणाचे ट्रे मांडले होते, चॉप, सॉसेज, एकात अख्खी रान, म्हणजे मेंढीची मांडी. थेल्मा खिडकीजवळ लिंबूपाणी घेऊन बसली होती. केल बाहेर गाडीत होता. त्याला आत यायची बंदी, म्हणून तो दोघींना घरी न्यायला आवारात थांबला होता. येता-जाता लोक काचेवर टकटक करून त्याला बिअर नाही तर बटाट्याचे चिप्स देऊन येत होते.

सोडतीचा एक नियम आहे, तो कुठं लिहिलेला नाही पण मोडलेलाही कुणी बघितलेला नाही: नंबर पुकारणारानं तिकीट घ्यायचं नाही. नोलीननं त्या दिवशी एक घेतलं होतं. पिंपात हात घालून तिनं चिठ्ठी काढली. हिरवी एकसष्ट. हिरवी तिकिटं तिनं आयव्हरलाच विकली होती. म्हाताऱ्याला बारीक आकडे दिसत नसत, तो कधी स्वतः नंबर बघत नसे, नोलीनवर भरवसा ठेवून बसे.

"पिवळी सतरा," नोलीन माइकवर म्हणाली. मग खिशातून आपलं तिकीट काढून वर धरलं. "माझीच आहे."

आणि तिनं रानेचा ट्रे उचलला.

तिला वाटलं होतं, आता गलका होईल. झाला, पण टाळ्यांचा. "शाबास नोल!" "इतक्या वर्षांत एकदा तरी!" "घे घे, तुझाच हक्क आहे!" नियम मोडला हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं, आणि कुणालाच दिसलं नाही. नोलीनचे कान तापले. तिनं माइक पुन्हा तोंडाशी धरला.

"ऐका! चिठ्ठी हिरवी एकसष्ट होती. आयव्हरची. ही बघा. मी खोटा नंबर सांगितला. मी चोरी केली. कळलं का? चोरी केली मी!"

बारपाशी कुणीतरी खो-खो हसलं आणि सगळा क्लब हसला. आयव्हर काठी टेकत उठला. "ठेव गं पोरी तो ट्रे. माझा फ्रीझर भरलाय. तुझ्या भावानं काही मेंढ्या ठेवल्यात माझ्यासाठी."

हशा आणखी वाढला. मग तो ओसरल्यावर जे आलं ते हशापेक्षा वाईट होतं. बायका माना हलवायला लागल्या. "केलच्या काळजीनं पोखरली बिचारी." "भावावर किती जीव बघा!" खिडकीजवळून थेल्माचा आवाज आला, "मी म्हणतच होते, केलचं झाल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही."

आयुष्यात एकदा चोरी केली, ती चारचौघांत, माइकवर सांगून केली, आणि तीही केलच्या नावावर जमा झाली. नोलीननं माइक टेबलावर आपटला आणि ट्रे घेऊन ती बाहेर चालती झाली.

केल गाडीला टेकून चिप्स खात होता. "काय, आज तूच जिंकलीस?"

"चोरला."

"कुणाचा?"

"आयव्हरचा."

केलनं शीळ घातली. "त्या म्हाताऱ्याच्याच मागं का लागतो आपण दोघं?" मग तिच्याकडं बघून त्यानं चिप्सची पिशवी टपावर ठेवली. "नोल, बगळ्यांवर किती वेळ बसतेस हल्ली?"

"तुला काय माहीत बगळ्यांचं?"

"मी समोरच्या रांगेत बसायचो ना. खुर्चीवर स्वेटर टाकून तू मोरीकडंसुद्धा पळत जायचीस, कुणी बसू नये म्हणून. मीही टोपी ठेवायचो."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"तुला 'ऊठ' म्हटलं असतं, तर मलाही उठावं लागलं असतं." तो जमिनीकडं बघत म्हणाला. "तूही कुठं बोललीस मला?"

खरं होतं ते. चार वर्षं दोघं एकाच खोलीत बसत होती आणि नजर चुकवत होती. आईला पटलं नाही, वॉरिकला पटलं नाही, भरल्या क्लबला ओरडून सांगितलं तरी पटलं नाही. ज्याला न सांगता कळलं तो नेमका हा निघाला. हेसुद्धा यानंच द्यायचं होतं! नोलीनला ती रान त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

"मंगळवारी फ्रेनबाईंकडं चल माझ्याबरोबर," केल म्हणाला.

"तुला कोर्टानं पाठवलंय. मला कोण पाठवणार?"

"मी गाडी चालवतो ना. तू नुसती बस."

ती गाडीत बसली, पुढच्या सीटवर, ट्रे मांडीवर घेऊन. थेल्मा क्लबच्या पायऱ्या उतरून आली आणि सवयीनं तिनं पुढचं दार उघडलं.

"नोलीन, मागं जा. माझे पाय."

"नाही, आई."

"तमाशा पुरे झाला आता. ऊठ."

"आई, आज मागं बस," केल म्हणाला. "नोल आजारी आहे. माझ्यासारखीच. मी बघितलंय तिला, माझ्यापेक्षा जास्त वेळ बसते."

थेल्मा दार धरून उभी राहिली. मग मागं जाऊन बसली. गाडी आवाराबाहेर पडून धान्याच्या कोठारांपर्यंत आली.

"कधीपासून गं?" थेल्मानं विचारलं. तिचा आवाज लहान झाला होता. "मला सांगायचं तरी."

नोलीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी मटार सोलताना हेच तिनं शब्दाशब्दानं सांगितलं होतं. आज केलनं सांगितलं, आणि पटलं. ती मागं वळून तोंड उघडणार, तेवढ्यात थेल्माचा सुरकुतलेला हात सीटवरून पुढं आला आणि ताप बघावा तसा तिच्या कपाळावर टेकला. नोलीनला तो झटकून टाकावासा वाटला. पण घर येईपर्यंत तिनं मान हलवली नाही.